मोटारीवरील बिनतारी यंत्राची निगा

ज्यांतून ऐकतांही येतें व बोलतांही येतें, अशा दुतर्फी बिनतारी यंत्राचा गाडीवरील उपयोग नवा नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत बेयॉन येथील पोलिसांनीं इ. स. १९३३ सालींच आपल्या गाड्यांवर अशीं यंत्रें बसविलीं होतीं. हल्लीं मोबाइल घरोघर झाला असला, तरी जेथें त्याची लहर पोहोंचत नाहीं अशा नदीकांठच्या मळ्यांत, रीतसर परवाना घेऊन बसविलेलें हें यंत्रच उपयोगीं पडतें. परंतु नांगराचा फाळ वेळेवर शेवटून घेणारा आमचा शेतकरी ह्या यंत्राकडे तें मुकें होईपर्यंत पाहात नाहीं.

हा दोष आमच्याकडेही होता. एका पावसाळ्यांत रात्रीं नदीचें पाणी चढूं लागलें, तेव्हां खालच्या मळ्यांतील गड्यांस पंप वर काढण्याविषयीं आम्ही ट्रॅक्टरवरील यंत्रानें सांगत होतों. यंत्राचा दिवा लागत होता, त्यांचे शब्दही तुटक ऐकूं येत होते. आमचें मात्र तिकडे कांहींच पोहोंचलें नाहीं. गडी सुखरूप वर आले, पण पंपाच्या दोन मोटारी पाण्याखालीं गेल्या. पुढें तपासतां यंत्र निर्दोष निघालें. एरियलच्या बुडाशीं गुंडाळलेली चिकटपट्टी सुटून तारेंत पाणी शिरलें होतें!

ह्या तारेंत मधोमध तांब्याची तार, तिच्याभोंवतीं विद्युत्-रोधक वेष्टन, त्यावर तांब्याची जाळी व बाहेर काळें आवरण असतें. आवरणास चीर पडली कीं जाळी दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी ओढते आणि बोलण्याची शक्ति वाटेंतच जिरते. कांहीं शक्ति उलट फिरून यंत्रावर येते व तिनें त्यांतील शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो. म्हणून एरियल जोडल्यावांचून बोलण्याची कळ कधींही दाबूं नये. ही परत मोजण्याचें लहानसें मीटर मिळतें. त्याचा आंकडा १.५ च्या आंत असावा, २ च्या पुढें गेल्यास जोड उघडून पाहावे, आणि ३ झाल्यास दुरुस्तीपर्यंत बोलूं नये. पाणी शिरलेली तार वाळवून पुन्हां लावण्याची काटकसर आम्ही केली, ती व्यर्थ गेली. अशी तार बदलावीच.

खताच्या गाडीवरील यंत्रास विशेष जपावें लागतें. युरिया व अमोनियाचीं इतर खतें हवेंतील ओल ओढतात आणि तांब्या-पितळेस खातात. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें, तसाच हिरवट कीट मग जोडांवर चढतो. तो मऊ कुंचल्यानें झाडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या फडक्यानें पुसावा व जोड पूर्ण वाळल्यावरच घट्ट करावा. यंत्राची पेटी व मायक्रोफोन, यंत्र बंद करून, सौम्य साबणाच्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावीं. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर लावूं नये. त्यानें प्लॅस्टिक भेगाळतें. मायक्रोफोनच्या छिद्रांत टांचणी खुपसण्याची खोड पुष्कळांस असते, ती सोडावी. औषध फवारणाऱ्यानें तर हात धुतल्याशिवाय मायक्रोफोन तोंडाजवळ धरूंच नये.

आतां बॅटरीविषयीं. २५ वॅटचें यंत्र बोलतांना सुमारें ५ ते ६ अँपियर प्रवाह ओढतें. ऐकतांना बहुधा एक अँपियरही लागत नाहीं. यामुळें बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर बसला असतां ऐकूं येतें, पण बोलूं लागतांच यंत्र बंद पडतें, आणि दोष उगाच यंत्रावर येतो. प्रथम ऋण टोंकाची तार सोडून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें टोकें धुवावीं, कोरडीं करून व्हॅसलीन लावावें. फ्यूज उडाल्यास त्याच मापाचा घालावा. तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवूं नये. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, पण मालट्रकची पुष्कळदां २४ ची असते, हें यंत्र हलवितांना ध्यानांत असावें. ट्रॅक्टरला वेल्डिंग करावयाचें असल्यास यंत्राच्या तारा आधीं सोडाव्या.

हातांत धरावयाच्या यंत्राची लिथियम बॅटरी हंगाम संपल्यावर अर्धी भरून थंड जागीं ठेवावी. फुगलेली दिसल्यास ती पुन्हां चार्ज करूं नये.

महिन्यांतून एकदां दूरच्या ठाण्याशीं बोलून आपला आवाज कसा येतो तें विचारावें. बोलण्याची कळ दाबून सोडतां मोकळी उसळते कीं नाहीं, तेंही पाहावें. ती अडकून राहिली, तर त्या वाहिनीवर दुसऱ्या कोणासही बोलतां येत नाहीं, आणि ज्याची अडकली त्यास त्याचा पत्ताही नसतो.