एका ओळीचा प्रश्न आणि कंपायलर

उणे सातांस दोहोंनीं भागून अपूर्णांक टाकून दिला, तर उत्तर उणे तीन कीं उणे चार? पायथन भाषेचा पूर्णांकी भागाकार उणे चार म्हणतो. सी भाषा उणे तीन म्हणते. कांजूरमार्ग स्थानकापासून थोड्याच अंतरावर, पवईच्या तलावाकांठीं, १९५८ सालीं स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील वसतिगृहांत एखाद्या विद्यार्थ्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीं अशी शंका आली, तर ग्रंथ चाळण्यापेक्षां यंत्रालाच विचारणें त्याला सोयीचें वाटेल, आणि तें योग्यच आहे. अडचण एवढीच कीं सी ही एका ओळीचा प्रश्न सहजासहजीं ऐकून घेणारी भाषा नव्हे.

कारण तिच्या प्रकृतींत आहे. पायथनचा इंटरप्रिटर हा बाजारांतील दुभाष्यासारखा असतो. आपण वाक्य उच्चारावें, त्यानें तेथल्या तेथें तें पलीकडच्यास सांगावें. सीचा कंपायलर हा ग्रंथाच्या भाषांतरकारासारखा आहे. हस्तलिखित पुरें झाल्याशिवाय तो लेखणी उचलीत नाहीं; मात्र एकदां भाषांतर सिद्ध झालें कीं भाषांतरकाराची गरज उरत नाहीं, आणि म्हणूनच असा प्रोग्राम वेगानें धांवतो. या वेगाची किंमत लहान प्रश्नाला भरावी लागते. फाइल उघडा, तिला नांव द्या, हेडर लिहा, ‘मेन’ हें फंक्शन मांडा, भाषांतर करवून घ्या, आणि मग तयार झालेली फाइल चालवा! त्या फाइलीस नांव दिलें नाहीं तर तिला ‘ए-डॉट-आउट’ हें नांव मिळतें. युनिक्सच्या बाल्यावस्थेंत असेंब्लरचें उत्पादन या नांवानें बाहेर पडे. असेंब्लर मागें राहिला, नांव मात्र टिकलें.

पूर्वीं हा खर्च याहून कितीतरी मोठा होता. १९६४ सालीं कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या काळीं प्रोग्राम छिद्रें पाडलेल्या कार्डांवर उतरवून गठ्ठा सुपूर्द करावा लागे, आणि छापील उत्तर मागाहून हातीं येई. एखादा स्वल्पविराम चुकला तरी सारी खेप वायां जाई. अशा व्यवस्थेंत क्षुल्लक शंका कोण विचारणार? ती मनांतच राही.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रथम प्रसृत केलेला जीसीसी हा कंपायलर फाइलीशिवायही काम करतो. लिनक्सच्या कमांड लाइनवर ‘एको’ या आज्ञेनें प्रोग्रामची ओळ म्हणावी आणि पुढें उभी रेघ ओढावी, म्हणजे नळांतून पाणी जावें तशी ती ओळ पुढील आज्ञेंत शिरते. तेथें जीसीसी, मग आडवी रेघ व एक्स, मग सी, आणि शेवटीं नुसती एक आडवी रेघ. या एकट्या रेघेचा अर्थ, ‘फाइल शोधूं नको, येणारा मजकूर वाच.’ भाषेचें नांव सांगावें लागतें, कारण एरवीं कंपायलर ती फाइलीच्या नांवाच्या शेपटीवरून ओळखतो, आणि येथें नांवच नाहीं. त्यामागोमाग दोन ‘अँड’ चिन्हें व ए-डॉट-आउट लिहिलें, म्हणजे भाषांतर निर्विघ्न झालें तरच प्रोग्राम चालतो. दोन खोड्या ठाऊक असाव्यात. हेडरची ओळ स्वतंत्रच असावी लागते, इतर मजकुरास चिकटून ती चालत नाहीं; म्हणून ‘इन्क्लूड’ हा पर्याय देऊन हेडर आज्ञेंतच जोडणें बरें. आणि प्रोग्राम एकेरी अवतरणांत ठेवावा, नाहीं तर डॉलरसारखीं चिन्हें शेल आपलींच समजून गिळून टाकतो. हें सर्व एकदां शेलच्या लहानशा फंक्शनमध्यें बांधून ठेवलें कीं पुढें प्रश्न तेवढा लिहावयाचा उरतो.

फाब्रिस बेलार यांच्या टायनी सी कंपायलरनें तर ए-डॉट-आउटचीही गरज ठेवली नाहीं. ‘रन’ म्हटलें कीं तो संगणकाच्या स्मृतींतच भाषांतर करून तेथेंच चालवितो. २००४ सालीं त्याच बळावर लिनक्सचा गाभा मूळ मजकुरापासून भाषांतरून लागलीच सुरू करून दाखविण्यांत आला. जावा भाषेनें २०१७ सालीं जेशेल दिलें, तर सर्न येथें सी प्लस प्लससाठीं क्लिंग घडविण्यांत आलें.

परंतु प्रयोगाचें उत्तर म्हणजे भाषेचा नियम नव्हे, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. सीच्या १९८९ च्या प्रमाणांत ऋण संख्येचा भागाकार कोणत्या बाजूस वळवावा हें कंपायलरच्या कर्त्यावर सोपविलेलें होतें. तो शून्याकडेच वळवावा असें १९९९ च्या प्रमाणानें ठरविलें. मधल्या दहा वर्षांत कोणास उणे तीन मिळालें असेल, तर ती साक्ष त्या एका कंपायलरची होती, भाषेची नव्हे. कांहीं प्रश्नांना तर आजही उत्तर नाहीं. ‘इंट’ प्रकारच्या सर्वांत मोठ्या संख्येंत एक मिळविल्यास काय व्हावें, याविषयीं प्रमाण कसलीच हमी देत नाहीं, आणि एकाच कंपायलरकडून पर्यायागणिक निराळें उत्तर येऊं शकतें. जीसीसीचा ‘सॅनिटाइझ’ पर्याय अशा जागीं ताकीद देतो. एका ओळीच्या प्रयोगांत तो नेहमीं असावा. त्याला आळस करणें महागांत पडतें.

याहून खोल जावयाचें तर कंपायलरचें अंतरंगच पाहावें लागतें. पवईच्या संस्थेंत प्राध्यापक उदय खेडकर यांनीं जीसीसीच्या या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या आहेत. त्या वाटेची पहिली पायरी एका ओळीसही पुरते: मोठ्या एसचा पर्याय दिला कीं तयार होणाऱ्या यंत्राज्ञा वाचतां येतात. मात्र भागावयाची संख्या प्रोग्राममध्यें थेट लिहूं नये, एरवीं कंपायलर भागाकार आधींच उरकून मोकळा होतो. ती बाहेरून येऊं द्यावी. मग आजच्या सामान्य संगणकावर असें दिसतें कीं भागाकाराची आज्ञा तेथें नाहींच. संख्येचे द्विमान अंक उजवीकडे एक घर सरकविलेले असतात. नुसतें सरकविल्यास उणे सातांचे उणे चार होतात. म्हणून त्याआधीं ऋण संख्येंत एक मिळविलेला असतो, आणि मग उणे सहा सरकून उणे तीन उरतात.