बेताचा वाद्यवृंद, बेताचं नाट्यगृह

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला लागून ग्लेंडेल नावाचं शहर आहे. तिथल्या ब्रँड बुलेव्हार्ड या हमरस्त्यावर ॲलेक्स थिएटर उभं आहे. १९२५ साली ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव 'अलेक्झांडर' होतं. मूकपट दाखवायचे आणि मधूनमधून नाच, गाणी, नकला, कसरतींचे खेळ लावायचे, यासाठी ते बांधलेलं होतं. रस्त्यावरून थेट आत जाता येत नाही. आधी एक उघडं, लांबट अंगण लागतं आणि मग नाट्यगृह. सगळीकडे ग्रीक आणि इजिप्शियन धाटणीची सजावट. १९४० साली एस. चार्ल्स ली या वास्तुरचनाकारानं दर्शनी भागात निऑन दिव्यांचा सुमारे १०० फूट उंच स्तंभ उभारला आणि थिएटर दुरूनही ओळखू येऊ लागलं. हॉलिवूडचे स्टुडिओ आपले नवे चित्रपट इथे आधी दाखवून लोकांचा कल अजमावत. पुढे सिनेमाची एकपडदा थिएटरं सगळीकडेच ओस पडत गेली, तशी पाळी यावरही आली. १९९१ मध्ये इथलं सिनेमागृह बंद झालं. दुसऱ्या वर्षी शहराच्या पुनर्विकास संस्थेनं ते विकत घेतलं, सुमारे ६५ लाख डॉलर खर्चून दुरुस्त केलं आणि १९९३ च्या शेवटच्या दिवशी ते पुन्हा उघडलं. सुमारे १४०० आसनांची ही वास्तू आता अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदीत आहे.

इथपर्यंतची हकिगत जगातल्या कितीतरी नाट्यगृहांना लागू पडेल. रंग लागतो, झुंबरं पुसली जातात, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दुरुस्तीनंतरच्या दहाव्या वर्षी, एखाद्या आडदिवशी, तिथे काय चालू असणार आहे? माझं म्हणणं असं की जुनं नाट्यगृह जगतं ते दरवर्षी तारखा बांधून येणाऱ्या कलावंतांच्या एखाद्या संचामुळे, आणि त्या संचाचं माप नाट्यगृहाच्या मापाशी जुळावं लागतं. ॲलेक्सच्या बाबतीत हे काम ज्यांनी केलं त्यांत लॉस एंजेलिस चेंबर ऑर्केस्ट्रा महत्त्वाचा. वर्षानुवर्षं या वाद्यवृंदाच्या हंगामाचा रिवाज ठरलेला होता: शनिवारी रात्री ॲलेक्समध्ये कार्यक्रम आणि रविवारी संध्याकाळी तोच कार्यक्रम लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठाच्या आवारातल्या, १९२९ साली बांधलेल्या रॉइस हॉलमध्ये. या व्यवहारात फक्त इमारतीचा फायदा झाला असं नाही, संगीताचाही झाला.

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे साधारण चाळीसएक वादकांचा वृंद. सिम्फनी ऑर्केस्ट्रात नव्वद-शंभर वादक असतात. त्यामुळे चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे पैसे कमी पडले म्हणून छाटलेली सिम्फनी, असा अनेकांचा समज असतो. इतिहास वेगळंच सांगतो. हायडन १७६१ साली एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीत लागला तेव्हा त्याच्या हाताखाली पंधराच्या आसपास वादक होते. पुढेही तो आकडा वीस-बावीसच्या घरात राहिला. त्याच्या बहुतेक सिम्फन्या या माणसांसाठी लिहिलेल्या आहेत. १७९१ मध्ये तो लंडनला गेला आणि सालोमन नावाच्या व्हायोलिनवादकानं त्याच्या मैफली हॅनोव्हर स्क्वेअरच्या दालनात लावल्या, तेव्हा चाळीसच्या आसपास वादकांचा वृंद मोठा मानला गेला. म्हणजे शंभर वादक आणि दोन-तीन हजार श्रोते हे माप नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. हायडन-मोझार्टचं संगीत त्या मापात घालणं म्हणजे वाड्यातल्या बैठकीचा ख्याल क्रिकेटच्या मैदानावर गायला लावण्यासारखं आहे. ऐकू येईल, पण त्यातली बारीक कलाकुसर हाती लागणार नाही.

मोझार्टचा डी मायनरमधला पियानो कॉन्चेर्टो घ्या. ११ फेब्रुवारी १७८५ रोजी व्हिएन्नातल्या मेलग्रुबे या इमारतीत तो पहिल्यांदा वाजला. मोझार्टचे वडील त्याच दिवशी शहरात पोहोचले होते. त्यांच्या पत्रातून कळतं की नकलनवीस शेवटपर्यंत वादकांच्या प्रती उतरवत होता आणि त्यावर लक्ष ठेवण्याच्या गडबडीत मोझार्टला शेवटचा भाग एकदा वाजवून पाहायलाही सवड मिळाली नव्हती. या रचनेची सुरुवात अगदी हळू आवाजात होते. व्हायोलिन आणि व्हियोला ठोक्यावर न पडता ठोक्यांच्या मधे, अडखळत्या श्वासासारखे, तेच ते सूर धरतात. खाली चेलो आणि डबल बास तीन झटपट सुरांची एक उसळी घेतात, थांबतात, पुन्हा उसळी घेतात. धून म्हणावी असं काहीच नाही, तरी अंगावर काटा येतो. हा परिणाम साधायचा तर प्रत्येक गज तारेवर केव्हा टेकला हे कानाला कळलं पाहिजे. व्हायोलिनवादक जितके वाढतील तितक्या या कडा बोथट होत जातात, आणि श्रोता जितका दूर बसेल तितका तो खालचा झटका नुसती घरघर वाटतो. मधल्या आकाराच्या नाट्यगृहात सात-आठ चेलो-बास आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसलेला श्रोता, एवढ्यानं ते सगळं उमटतं. जेफ्री काहाने हा पियानोवादक १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं लॉस एंजेलिस चेंबर ऑर्केस्ट्राचा संगीत संचालक होता. अनेकदा तो पियानोवर बसूनच वृंद चालवत असे, खुद्द मोझार्ट करायचा तसा. २००५-०६ च्या सुमारास त्यानं मोझार्टचे सगळे २३ स्वतंत्र पियानो कॉन्चेर्टो या वृंदाबरोबर सादर केले. असा उपक्रम एका रात्रीचा नसतो. तीच माणसं आणि पुन्हा पुन्हा येणारे तेच श्रोते असतील तरच तो पेलतो.

माणसं हा या गोष्टीतला सगळ्यात रोचक भाग आहे. हा वाद्यवृंद १९६८ साली जेम्स आर्काटोव्ह या चेलोवादकाच्या पुढाकारानं उभा राहिला, तो हॉलिवूडच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकांना आपलं खरं संगीत वाजवायला जागा हवी म्हणून. पूर्वी मोठ्या स्टुडिओंचे स्वतःचे पगारी वाद्यवृंद होते. १९५८ च्या वादकांच्या संपानंतर ते मोडले आणि ही मंडळी रोजंदारीवर आली. कसब मात्र विलक्षण. समोर ठेवलेली नवी स्वरलिपी पहिल्याच वाचनात बिनचूक वाजवायची आणि तासाभरात ध्वनिमुद्रण संपवायचं. पण कानावर हेडफोन, त्यात टिकटिक करणारा ठोका आणि वाजवलेलं सगळं पडद्यावरच्या संवादाखाली दबणार. अशा वादकाला शेजाऱ्याचा श्वास ऐकून वाजवायची भूक असते. ती भागवायचे प्रयत्न आधीही झाले होते. १९३९ पासून पीटर येट्स नावाच्या गृहस्थानं आपल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मैफली सुरू केल्या आणि स्टुडिओतले वादक तिथे किरकोळ बिदागीवर वाजवत. आर्काटोव्हच्या वाद्यवृंदानं त्या भुकेला कायमचं घर दिलं. पहिला संगीत संचालक म्हणून लंडनहून नेव्हिल मॅरिनर आला. लंडनमध्ये अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स हा लहान वृंद त्यानंच उभा केला होता.

मुंबईशी ताडून पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती वादक दशकानुदशकं हेच काम करत होते, तेवढ्याच तयारीनं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक बिनीचे व्हायोलिनवादक आणि संयोजक. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, झेवियर कॉलेजच्या चौकात राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना एकत्र आणणाऱ्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. कल्पना मोठी होती, माणसं तयार होती, आवाज तर देशातले सर्वोत्तम. तरी तो वृंद टिकला नाही आणि साठीच्या दशकात गोन्साल्विस स्वतःच अमेरिकेला गेले. त्याआधी मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. तेही पुढे देश सोडून गेले आणि शेवटी लॉस एंजेलिसला स्थिरावले. १९६४ पासून त्यांनी तिथे अमेरिकन यूथ सिम्फनी घडवली आणि तीसहून अधिक वर्षं तरुण वादक तयार केले. ज्या शहराबद्दल आपण बोलतो आहोत त्याच्या वादनाच्या मशागतीत एका मुंबईकर पारशी गुरूचा हात आहे. गुणवत्ता दोन्ही शहरांत होती. मुंबईत कमी पडलं ते ठरलेलं घर, ठरलेल्या तारखा आणि आगाऊ पैसे भरणारा श्रोता, असं मला वाटतं.

आगाऊ पैसे भरणारा श्रोता ही काही अमेरिकी क्लृप्ती नाही. १७८४ च्या मार्चमध्ये मोझार्टनं वडिलांना आपल्या मैफलींच्या वर्गणीदारांची यादी पाठवली, तीत १७४ नावं होती. या वर्गणीच्या जोरावर तो नवे कॉन्चेर्टो लिहीत सुटला होता. पैसे आधी हातात असले की हंगामात एखादी अनोळखी रचना ठेवायची हिंमत होते. एकेका तिकिटावर विसंबणारा आयोजक दरवेळी खात्रीचंच वाजवतो. वर्गणीदार मात्र वर्षाचं सगळं ऐकतो, आवडीचं आणि नावडीचं. हळूहळू त्याचा कान तयार होतो आणि दोन मैफलींतला फरक त्याला कळू लागतो. नाट्यगृहालाही पुढच्या वर्षीच्या तारखा आज ठाऊक असतात, त्यामुळे विजेचं बिल आणि रंगमंच कामगारांचे पगार यांचा हिशेब बसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो आवाजाचा. सिनेमासाठी बांधलेल्या थिएटरात गादीच्या खुर्च्या, पडदे आणि गालिचे आवाज शोषून घेतात. तिथे वाद्यांचा नाद कोरडा पडतो. आक्षेप खरा आहे. ब्रुकनर किंवा माहलरच्या सिम्फनीला दोन सेकंदांच्या आसपास घुमणारं सभागृह लागतं, आणि त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये २००३ साली उघडलेला, सव्वादोन हजारांहून जास्त आसनांचा वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल आहे. पण हायडन, मोझार्ट, बाख यांच्या रचनांत झरझर बदलणारे सूर एकमेकांत मिसळून चालत नाहीत, त्यामुळे थोडा कोरडेपणा त्यांना मानवतो. उरलेली कसर वादकांच्या मागे आणि वर ध्वनिफलक लावून बरीचशी भरून निघते. शहरात मोठं सभागृह असताना लहानाची गरज काय, या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दोन्हींचं भांडार वेगळं, म्हणून दोन्हींचं घर वेगळं. गेल्या काही वर्षांत हा वाद्यवृंद बेव्हर्ली हिल्समधल्या, जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीला जोडलेल्या, ५०० आसनांच्या वॉलिस नाट्यगृहातही वाजवू लागला आहे. वाटचाल मोठ्या जागेकडून लहान जागेकडे आहे हे लक्षात घ्या.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. लोकांच्या पैशानं थिएटर दुरुस्त करायचं आणि त्यात मूठभर सुखवस्तूंनी मोझार्ट ऐकायचा, हे कितपत योग्य? तिकिटं स्वस्त नसतात आणि श्रोत्यांत पांढऱ्या केसांची गर्दी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ॲलेक्सच्या वेळापत्रकावर जुने चित्रपट दाखवणारी मंडळी आहेत, समूहगायनाचे वृंद आहेत, संगीतनाटकवाले आहेत, शहरातल्या मुलांचा वाद्यवृंद आहे. यांतल्या एकाच्याही खांद्यावर एवढी इमारत उभी राहिली नसती. वर्षाला ठरावीक तारखा धरणारी काही माणसं असतात म्हणून दारं उघडी राहतात, आणि मग इतरांना एक-दोन रात्री परवडतात. तिकिटांवर खर्च निघत नाही, देणगीदार लागतात हेही खरं. ते देणगीदार शोधण्याचं काम नाट्यगृहाचं एकट्याचं उरत नाही, हा त्यातला लाभ.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळं संग्रहालय आहे: जुन्या इमारतीत जुनं संगीत. याला या वाद्यवृंदानं दिलेलं उत्तर मला फार आवडतं. २००१ पासून 'साउंड इन्व्हेस्टमेंट' नावाची योजना चालवून त्यांनी हंगामाच्या श्रोत्यांनाच नव्या रचनेत थोडे थोडे पैसे घालायला बोलावलं. बदल्यात नफा नाही. पैसे घालणाऱ्यांना संगीतकाराबरोबर बैठका मिळतात, रचना अर्धवट असताना ती ऐकायला मिळते, त्यानं काय खोडलं आणि का, हे विचारता येतं. मग ती पहिल्यांदा वाजते तेव्हा ओळींमध्ये बसलेली काही माणसं तिला कच्च्या रूपात भेटलेली असतात. हजारो खुर्च्यांच्या सभागृहात ही ओळख टिकवणं अवघड आहे. १४०० खुर्च्यांत, त्याच त्या लोकांसमोर, चाळीस वादकांकडून ती होते, आणि सिनेमासाठी बांधलेल्या थिएटरला शंभराव्या वर्षीही नव्या संगीताच्या तारखा मिळतात.