परागाचे पोषणमूल्य व त्याचा योग्य उपयोग

सकाळच्या वेळी मधमाश्यांच्या पेटीसमोर थोडा वेळ उभे राहिल्यास, बाहेरून परतणाऱ्या कित्येक माश्यांच्या मागील पायांवर पिवळ्या, नारिंगी अथवा पांढुरक्या रंगाच्या बारीक गोळ्या दिसून येतात. पुष्कळांचा असा समज असतो की, हे मेण होय. वस्तुतः तो फुलांतून गोळा केलेला पराग असतो. हाच पराग सुकवून अलीकडे बाटल्यांतून विकला जातो. अशक्तपणा, रक्तक्षय, मधुमेह, दमा अशा नाना विकारांवर तो गुणकारी असल्याचे सांगण्यात येते. त्यामुळे मधपेट्या बाळगणाऱ्या शेतकऱ्याकडे परागाची मागणी होऊ लागते, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे ते कुटुंब अशा बाटलीवर बराच पैसा खर्च करते. यास्तव परागात नेमके काय आहे, त्यापासून माणसास किती लाभ होतो आणि तो काढल्याने माश्यांचे काय होते, या तिन्ही गोष्टी शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पराग व मधमाशी

पराग म्हणजे फुलातील पुंकेसरांवर तयार होणारी भुकटी. मधमाशी फुलावर बसली म्हणजे ही भुकटी तिच्या अंगावरील केसांना चिकटते. माशी ती पायांनी झाडून एकत्र करते, पोटातील मधुरसाने किंचित ओलसर करते आणि मागील पायांवरील खोलगट भागात तिच्या गोळ्या बसविते. अशी एक गोळी काही मिलिग्रॅम वजनाची असते व एका फेरीत दोनच गोळ्या येतात. चहाच्या एका चमच्यात मावणारा पराग जमविण्यासाठी माश्यांना काही शे फेऱ्या कराव्या लागतात.

पेटीत आल्यावर हा पराग पोळ्याच्या घरांत दाबून भरला जातो. त्यात मध मिसळून तो आंबतो व टिकाऊ बनतो. तरुण कामकरी माश्या हे परागान्न खातात. त्यावर त्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून जो रस स्रवतो तो अळ्यांना व राणीला भरविला जातो. मधापासून माशीला शक्ती मिळते. परंतु अंग वाढविण्यास लागणारी प्रथिने, स्निग्धांश, खनिजे व जीवनसत्त्वे तिला केवळ परागातून मिळतात. एक कामकरी माशी वाढविण्यास सुमारे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पराग लागतो. म्हणजेच वसाहतीतून एक किलो पराग काढून घेतला तर कित्येक हजार माश्यांच्या संगोपनाचे अन्न काढून घेतल्यासारखे होते.

परागातील अन्नघटक

परागाचे गुण तो कोणत्या वनस्पतीचा आहे यावर अवलंबून असतात. मोहरीच्या वर्गातील पिकांचा पराग प्रथिनांच्या दृष्टीने चांगला असतो. सूर्यफुलाचा पराग त्या मानाने हलका असतो. मक्याचा पराग माश्या विपुल गोळा करतात, परंतु त्याचेही पोषणमूल्य कमी असते. सर्वसाधारणपणे माश्यांनी गोळा करून आणलेल्या सुक्या परागाच्या १०० भागांत पुढीलप्रमाणे घटक आढळतात :

प्रथिने – १० ते ४० भाग, बहुधा २० च्या आसपास.
पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ – १३ ते ५५ भाग.
स्निग्धांश – १ ते १३ भाग.
खनिजे – २ ते ६ भाग.

याशिवाय ‘ब’ वर्गातील बहुतेक जीवनसत्त्वे, थोडे ‘क’ जीवनसत्त्व आणि ज्यापासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते ते कॅरोटीन त्यात असते. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व मात्र त्यातून मिळते असे समजू नये. पोटॅशियम, लोह व जस्त ही खनिजेही परागात असतात. एकंदरीत पराग हे सकस अन्न आहे, यात संशय नाही.

तथापि अन्नाचे मोल ठरविताना ते किती खाल्ले जाते हेही पाहावे लागते. पराग खाणारा मनुष्य दिवसास साधारणपणे एक-दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास पराग घेतो. त्यातून सुमारे २ ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसास रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. १० ग्रॅम मूगडाळीतूनही २ ग्रॅमहून थोडी अधिकच प्रथिने मिळतात, आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅमपर्यंत मिळतात. वजनास वजन धरले तर प्रथिनांच्या बाबतीत पराग व डाळ जवळजवळ सारखीच ठरतात. किमतीत मात्र फार मोठी तफावत असते.

लोहाचेही तसेच आहे. परागाच्या प्रकारानुसार १० ग्रॅम परागातून सुमारे ०.१ ते १.७ मिलिग्रॅम लोह मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या आहारात दररोज २९ मिलिग्रॅम लोह असावे. तेव्हा रक्तक्षय झालेल्या स्त्रीस परागावर विसंबून ठेवणे म्हणजे तिचा आजार वाढू देणे होय. आरोग्य उपकेंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, कडधान्ये व जेवणात लिंबू यांची वाट धरणे हाच तिच्यासाठी योग्य मार्ग होय.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परागकणाचे बाहेरील कवच अतिशय चिवट असते. निसर्गातील अत्यंत टिकाऊ द्रव्यांत त्याची गणना होते. माणसाच्या पोटात हे कवच सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे आतील सर्व सत्त्व अंगी लागत नाही. काही तास पाण्यात, दुधात वा मधात भिजत ठेवलेला किंवा दळलेला पराग पचण्यास काहीसा सुलभ होतो.

औषधी गुणांविषयी

परागात फ्लाव्होनॉइड या वर्गातील द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत व प्राण्यांवरील प्रयोगांत परागाच्या अर्काने सूज कमी होणे, यकृताचे रक्षण होणे, काही जंतूंची वाढ रोखली जाणे असे परिणाम दिसून आले आहेत. हे संशोधन आशादायक आहे. परंतु काचेच्या नळीत दिसलेला परिणाम माणसाच्या रोगावर तसाच होतो असे नाही. पिकाच्या नव्या वाणाची शिफारस करण्यापूर्वी त्याच्या चाचण्या अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत घ्याव्या लागतात. औषधालाही हीच कसोटी लागू आहे.

माणसांवरील चाचण्या थोड्या व लहान आहेत. खेळाडूंची ताकद परागाने वाढते, या समजुतीची तपासणी झाली आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन जलतरणपटूंना परागाचा अर्क देण्यात आला. परंतु अर्क न घेतलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या क्षमतेत अधिक वाढ दिसून आली नाही. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग किंवा दमा परागाने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. सबब डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून पराग सुरू करणे धोक्याचे आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब इत्यादी रोग बरे करण्याची जाहिरात करण्यास औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मनाई आहे, हेही विक्री करणाऱ्यांनी विसरू नये.

कोणी पराग खाऊ नये

पराग हा नैसर्गिक पदार्थ असला तरी तो सर्वांना मानवतोच असे नाही. काही व्यक्तींना पहिल्याच चमच्यानंतर अंगास खाज सुटणे, गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, श्वास कोंडणे असे प्रकार झाल्याचे वैद्यकांनी नोंदले आहे. क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. अशी लक्षणे दिसताच रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. घरगुती उपायात वेळ दवडू नये.

ज्यांना दमा आहे, फुलोऱ्याच्या दिवसांत ज्यांना शिंका व सर्दीचा त्रास होतो किंवा मधमाशीच्या दंशाने ज्यांचे अंग सुजते, त्यांनी पराग खाऊ नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तो टाळावा. तान्ह्या मुलांस तो मुळीच देऊ नये. एक वर्षाच्या आतील मुलास मध चाटविणेही वर्ज्य आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पराग घेऊ नये, कारण अशा गोळीचा परिणाम परागामुळे वाढल्याचे उदाहरण वैद्यकीय साहित्यात आहे. निरोगी माणसास पराग खाऊन पाहावयाचा असेल तर त्याने आरंभी दोन-चार दाणेच घ्यावेत व काही त्रास होत नाही याची खात्री करूनच प्रमाण वाढवावे.

पराग काढणे व टिकविणे

पराग गोळा करण्यासाठी पेटीच्या दाराशी बारीक छिद्रांची जाळी बसवितात. माशी छिद्रातून आत शिरताना तिच्या पायांवरील गोळ्या निखळून खालच्या ट्रेमध्ये पडतात. मेलिफेरा जातीच्या माशीसाठी छिद्र सुमारे ५ मिलिमीटरचे असते. आपली सातेरी माशी अंगाने लहान असल्याने त्याच जाळीतून ती गोळ्यांसह आत जाते.

परंतु सातेरीच्या बाबतीत खरी अडचण निराळीच आहे. अन्नाची टंचाई जाणवू लागली की, सातेरीची वसाहत पेटी सोडून निघून जाते. मावळातील व महाबळेश्वराच्या डोंगराळ भागातील मधपाळांना हा अनुभव नवा नाही. पावसाळ्यात आधीच फुले कमी व बाहेर जाण्यास सवड थोडी. अशा वेळी परागही हिरावून घेतल्यास वसाहत टिकणे कठीण. म्हणून सातेरीच्या पेटीस जाळी न लावणेच श्रेयस्कर होय.

मेलिफेराच्या वसाहतीतूनही फुलोरा भरात असताना व वसाहत बळकट असतानाच पराग काढावा. जाळी सतत ठेवू नये. मधून मधून काही दिवस ती काढून घ्यावी. पोळ्यात परागाने भरलेली घरे कमी झालेली दिसताच जाळी बंद करावी.

ताज्या परागात १०० भागांत २० ते ३० भाग पाणी असते. तो तसाच ठेवल्यास त्यावर बुरशी येते व काही बुरशींपासून विषारी द्रव्येही निर्माण होतात. यासाठी ट्रेमधील पराग रोजच्या रोज काढावा. मातीचे कण, माश्यांचे पाय-पंख वेचून तो ४० अंश सेल्सियसहून कमी उष्णतेवर सुकवावा. कडक उन्हात सुकविल्यास जीवनसत्त्वांचा नाश होतो. पाण्याचा अंश ६ ते ८ भागांवर आला म्हणजे पराग घट्ट झाकणाच्या स्वच्छ बरणीत भरून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे.

ज्या शिवारात पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशके फवारली जातात, तेथील पराग खाण्यासाठी काढू नये. फवारलेले विष माशी परागाबरोबरच पेटीत आणते. ते विष अळ्यांना जसे बाधते तसे खाणाऱ्यालाही अपायकारक ठरू शकते. फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळावी. अगदी निकडीची असल्यास माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी व शेजारच्या मधपाळास आगाऊ कळवावे.

शेतकऱ्याचा खरा लाभ

परागापासून शेतकऱ्यास होणारा सर्वांत मोठा लाभ बाटलीत भरता येत नाही. माशी पराग गोळा करीत एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाते तेव्हा परागीभवन घडते. सूर्यफूल, मोहरी, कारळा, कांद्याचे बियाणे, काकडी-भोपळ्यासारखे वेल या पिकांत दाणा व फळ चांगले धरण्यास त्यामुळे मोठी मदत होते. पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांतून मधमाश्यांच्या संगोपनाचे शिक्षण मिळते. त्याचा फायदा घेऊन पेट्या पिकाजवळ ठेवल्यास पीक व मध दोन्ही हाती येतात, आणि पराग माश्यांच्या पिलांसाठी पेटीतच राहतो.

तात्पर्य, पराग हे उत्तम अन्न आहे, परंतु ते प्रथम मधमाशीचे अन्न आहे. माणसास त्यातून मिळणारे पोषण डाळ, शेंगदाणे, दूध व पालेभाजी यांतून अधिक प्रमाणात व अल्प खर्चात मिळू शकते. ज्याच्या वसाहती बळकट आहेत त्याने मोसमात थोडा पराग काढून शुद्ध स्वरूपात विकण्यास हरकत नाही. मात्र तो अन्न म्हणून विकावा, औषध म्हणून नव्हे. घरात अशक्त मूल वा रक्तक्षयाची रोगी असेल तर परागाची बाटली घेण्यापूर्वी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, आणि त्या बाटलीचा पैसा डाळ-दुधाकडे वळवावा. कार्यकर्त्यांनी गावातील मधपाळांच्या व महिला मंडळांच्या बैठकीत ही माहिती अवश्य सांगावी.