टाळाला जागा, गळ्याला पाळी

भजनी मंडळात यायला गळ्याची परीक्षा द्यावी लागत नाही. गावचे विठ्ठलमंदिर असो, मुंबईची चाळ असो, कोकणातली वाडी असो की गोव्यातल्या देवळाचा चौक, बैठक साधारण सारखीच असते: पेटीवर बुवा, शेजारी पखवाज किंवा तबला आणि समोर अर्धगोलात टाळकरी. बुवांनी चरण म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचे. पाश्चात्त्य गायकवृंदात वरच्या-खालच्या आवाजांना वेगवेगळे स्वर वाटून दिलेले असतात, तसे इथे नसते. सगळे एकच चाल म्हणतात, फार तर एखादा सप्तक बदलतो. त्यामुळे सुरेल माणूस आणि बेसूर माणूस मांडीला मांडी लावून बसू शकतात. मंडळाकडून दोघांना हवे असते ते मात्र वेगवेगळे.

भजनाला का येता, असे विचारले तर उत्तर ठरलेले: देवाचे नाव घ्यायला. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हरिपाठ घरी एकट्याने म्हणता येतो आणि अनेक जण म्हणतातही. तरी धारा काढून, जेवणे उरकून माणसे रात्री देवळात येतात, ती नामाखेरीज आणखी कशासाठी तरी. हे ‘आणखी काही’ लोकांच्या बोलण्यापेक्षा मंडळाच्या रीतींमध्ये नेमके सापडते, कारण बहुतेक रीती कोणाच्या ना कोणाच्या गरजेतून पडलेल्या आहेत.

पहिली रीत टाळाची. वारकरी भजनाची मूळ साधने तीनच: वीणा, टाळ आणि मृदंग. पेटी नंतर आली, आणि फडांवरच्या जुन्या वळणाच्या भजनात तिला अजूनही फारसा मान नाही. यांपैकी वीणा एकाच्या गळ्यात आणि मृदंग एकाच्या मांडीवर. उरलेल्या सगळ्यांना टाळ. नवख्याला मुरलेल्या टाळकऱ्याशेजारी बसवतात. त्याने वाट्या हलक्या धरायच्या, शेजाऱ्याच्या हाताकडे पाहायचे आणि समेवर चुकायचे नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. काही आठवड्यांत हात बसतो, गळा बसायला वर्षे लागली तरी चालते. अभंग शेवटाकडे आला की लय वाढते, पखवाजी दुगुण धरतो आणि त्या गदारोळात कोणाचा स्वर कुठे घसरला हे कोणालाच कळत नाही. ज्याला गाता येत नाही पण गाण्यात असायचे आहे, अशा माणसाची सोय टाळाइतकी चोख दुसऱ्या कशानेच होत नसेल.

सोबत गाण्याने माणसे लवकर जवळ येतात, हे आता प्रयोगानेही दाखवले गेले आहे. एलुनेड पिअर्स, जाक लॉने आणि रॉबिन डनबार यांनी इंग्लंडमधल्या प्रौढांच्या नव्या वर्गांचा सात महिने अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, एक लेखनाचा. सात महिन्यांच्या शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसे जवळजवळ सारखीच एकमेकांत मिसळली होती. फरक पडला तो वेगात, कारण गाणाऱ्यांचा संकोच पहिल्या काही आठवड्यांतच गळून पडला. पुढच्या वर्षी लंडनच्या एका गायनसंस्थेवरचा अभ्यास आला. वीस ते ऐंशी जणांच्या तिच्या छोट्या शाखा एरवी वेगवेगळ्या गात. त्यांचा २३२ जणांचा एकत्र मेळा भरला तेव्हा अनोळखी माणसांबद्दलही आपलेपणा वाढलेला दिसला. आषाढीच्या वाटेवर वेगवेगळ्या गावांच्या दिंड्या एकच अभंग उचलतात तेव्हा काय होते, याची थोडी कल्पना त्यावरून येते.

दुसरी रीत पहाऱ्याची. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. त्यासाठी देवळाच्या भिंतीवर पहाऱ्यांची यादी लागते: कोणत्या वेळी वीणा कोणाच्या गळ्यात आणि सोबतीला कोण कोण. रात्री दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो, पण त्या पहाऱ्याला नेमाने उभा राहणारा माणूस गावात ओळखला जातो. तो चांगला गातो की नाही, हे तिथे गौण असते. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग त्यांच्या वयात कितीही अंतर असो. वास्कोच्या दामोदर सप्ताहातही भजन अहोरात्र चालते आणि पथके पाळीपाळीने बसतात. ज्याला आपण कुठेतरी लागतो, आपल्यावाचून अडते, असे वाटायला हवे असते, त्याला हा पहारा मिळतो. अशा माणसांची संख्या बुवांच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी असते.

तिसरी गरज मात्र मंडळे फोडते. चार वर्षे ध्रुपद उचलल्यावर टाळकऱ्याला वाटू लागते की एक अभंग आपल्यालाही मिळावा. चक्रीभजन हे यावरचे जुने उत्तर, कारण त्यात एकामागून एक ज्याने त्याने अभंग घ्यायचा. पण वेळ तोकडा, घेणारे बरेच आणि पेटी एकाच्याच हातात. मग बुवा आपल्याच मुलाला पुढे करतात, फलाण्याला नेहमी शेवटी भैरवीच्या तोंडावर बसवतात, अशी कुजबुज सुरू होते. एका वाडीत दोन मंडळे दिसली तर कारण देवाचे असण्याची शक्यता कमी. पाळीचे, बिदागीचे किंवा पेटी कोणाच्या घरी राहणार याचे असण्याची अधिक. कोकणातल्या डबलबारीने या ईर्ष्येलाच रंगमंच दिला. दोन बुवा आपापला कोरस घेऊन समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने बारी करतात: रूपावली, अभंग, गौळण, मग गजर आणि त्यातून प्रतिस्पर्ध्याला कोपरखळ्या. मुंबईत हे सामने तिकीट लावून होतात. इथे कोरसातल्या माणसाला स्वतःची पाळी कधीच मिळत नाही, तरी तो खूश असतो. आपला बुवा जिंकला यात त्याचाही वाटा असतो.

स्वरपट्टीचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण कोण मंडळात टिकणार हे बरेचदा तोच ठरवतो. बुवा आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात. पुरुषांच्या मंडळात ती काळी एक किंवा काळी दोन असेल, तर तिथे आलेल्या बाईचा आवाज वर जात नाही आणि खालीही बसत नाही. काळी चार किंवा पाच धरणाऱ्या स्वतंत्र महिला मंडळांमागे हे एक साधे कारण आहे. दुसरे कारण वेळेचे. महिला मंडळे बहुधा दुपारी तीन ते पाच या वेळेत बसतात, कारण घरातली माणसे परतायच्या आत तेवढाच वेळ स्वतःचा म्हणता येतो. तिथे भजनासोबत भिशी चालते, एका रंगाच्या साड्यांचा बेत ठरतो, आळंदी-पंढरपूरची सहल निघते. भजन हे निमित्तच, असा शेरा पुरुष मारतात. पण कोणालाही कारण सांगत न बसता घराबाहेर पडायला बायकांना नेमके तेच हवे असते, आणि भजनाला जाते म्हटल्यावर अडवणारे थोडेच.

शहरात गेलेल्याला मंडळाकडून गाव हवे असते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातले आणि घाटावरचे कामगार एकेका खोलीत पाळ्या लावून राहत. त्यांची गावकीची मंडळे वर्गणी गोळा करत, आजारपणाला मदत करत आणि सणावाराला भजनही करत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या आटल्या, पुढे चाळींच्या जागी टॉवर आले. मंडळे मात्र उपनगरांत गेली. लोकलच्या डब्यातले भजन हे त्याच गरजेचे धावते रूप. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, डब्याच्या पत्र्यावर ठेका, दसऱ्याच्या आसपास डब्याची सजावट आणि पूजा. शेजारच्या प्रवाशाला त्याचा जाच होतो आणि त्याच्या तक्रारीही रास्त असतात. पण रोजचा एखादा माणूस दोन दिवस दिसला नाही तर चौकशी करणारे कोणीतरी असते, ते याच डब्यात.

एकत्र गाण्याने भेद मिटतात असे सर्रास म्हटले जाते. इरावती कर्वे यांनी वारीवरच्या ‘वाटचाल’ या लेखात नेमके उलटे टिपले: दिवसभर एकत्र चालणारी, गाणारी ब्राह्मण आणि मराठा माणसे जेवायला वेगळी बसत, आणि ते कर्वे यांना फार लागले. मिल्टन सिंगर यांनी मद्रासमधल्या राधाकृष्ण भजनमंडळ्यांवर १९६३ मध्ये लिहिले. दक्षिणेच्या या भजनपरंपरेत मराठी अभंगही गायले जातात. तिथेही सभासद एकमेकांना साष्टांग नमस्कार घालत आणि तेवढ्यापुरता लहानमोठेपणा बाजूला ठेवत. पुढारपण मात्र बहुतांशी स्मार्त ब्राह्मणांकडेच होते. समानतेची इच्छा खरी असते, पण ती बैठकीबाहेर किती टिकते हे त्या त्या गावावर अवलंबून. विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरचे भजन आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना यांतून ही इच्छा ग्रामसफाई, व्यसनमुक्ती अशा कामांना जोडली. गाणे संपले की हातात झाडू, असा तो शिरस्ता होता.

स्पर्धांनी अपेक्षांचा तोल बदलला. १९५३ च्या कायद्यातून उभे राहिलेले कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या आणि महिलांच्या भजन स्पर्धा घेते. गोव्यात कला अकादमीची स्पर्धा मनोहरबुवा शिरगावकर यांच्या नावाने होते आणि तीत पुरुषांबरोबर महिला व बालपथकेही उतरतात. स्पर्धेमुळे तालीम होते, शब्दोच्चार सुधारतात, चाली नेटक्या होतात. पण वेळ मोजला जातो, गायकांची संख्या बांधलेली असते आणि बेसूर काकांना ‘यंदा तुम्ही नुसते बघायला या’ असे सांगावे लागते. ज्या मंडळांनी स्पर्धेचा चमू वेगळा आणि एकादशीचे भजन वेगळे ठेवले, त्यांना हा पेच कमी छळतो.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीने सगळेच थांबले. त्या वर्षी १० मार्चला अमेरिकेत स्कॅगिट इथल्या गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले होते. त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. बंद जागेत मोठ्याने गाणे किती धोक्याचे असू शकते, हे त्यातून जगाला कळले. पालखी सोहळ्याच्या पादुका त्या आषाढीला एसटीने पंढरपुरात नेल्या गेल्या. मोबाइलवरून भजन करून पाहणाऱ्यांना लवकरच कळले की आवाज पोचायला लागणाऱ्या अंशभर सेकंदाने ठेका मोडतो. सगळ्यांनी माइक बंद ठेवून बुवांसोबत घरच्या घरी गायचे, एवढेच उरले. त्याहून जड गेले ते मयताला भजन नसणे. अनेक गावांत अंत्ययात्रेपुढे टाळ-मृदंग असतो आणि दहाव्या-तेराव्याला मंडळ घरी येऊन बसते. वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या जुन्या सभासदाची मंडळाकडून एवढीच शेवटची अपेक्षा असते.

२०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये देण्याचे जाहीर केले. तेवढ्यात टाळांचे जोड आणि बरी पेटी येते, पखवाजाला शाई भरून घेता येते. पखवाजी मिळणे त्याहून अवघड. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. आज त्या गावातल्या अनेक संस्थांतून मुले कीर्तनाबरोबर मृदंगही शिकतात. पण शिकलेला मुलगा सप्ताहांच्या सुपाऱ्यांत गुंततो, आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांना एकाच पखवाज्याच्या सवडीने भजनाचा वार ठरवावा लागतो.