पांढुर्णा-सौसरमध्ये नेतृत्व प्रशिक्षण कशाचे हवे?

मध्य प्रदेशातील पांढुर्णा हा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. पांढुर्णा आणि सौसर हे त्याचे दोन तालुके. संत्र्याच्या बागा, नागपूरची बाजारपेठ आणि बोलण्यातली मराठी यांमुळे हा मुलूख विदर्भाचाच भाग वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मात्र तो मध्य प्रदेशात राहिला. अशा सीमाभागातील लहान सामाजिक संस्थांना बळ देण्यासाठी नेतृत्व प्रशिक्षण आणि मानवाधिकारांच्या कामासाठी फेलोशिप हे दोन मार्ग नेहमी सुचवले जातात. प्रश्न आहे तो त्या प्रशिक्षणातील आशयाचा.

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार २००३ साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशात मध्य प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रे नमूद आहेत. त्यात पांढुर्णा तालुक्याचा बराच भाग आहे. सौसर तालुक्यातील मात्र केवळ सहा पटवारी हलके आहेत : ५, ८, ९, १०, ११ आणि १४. (ज्याला इतरत्र तलाठी सझा म्हणतात, तोच तेथील पटवारी हलका.) म्हणजे एकाच तालुक्यातील शेजारच्या दोन गावांत, दोन्हीकडे गोंड वस्ती असूनही, ग्रामसभेचे अधिकार वेगळे असू शकतात. एका गावाला १९९६ चा पेसा कायदा लागू, दुसऱ्याला नाही. या कायद्याचे नियम मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी लागू झाले. आपले गाव कोणत्या हलक्यात येते हे ठाऊक नसलेला कार्यकर्ता मानवाधिकारांवर कितीही उत्तम बोलला, तरी पहिल्याच ग्रामसभेत अडतो. गोव्याची स्थिती आणखी निराळी आहे. गावडा, कुणबी व वेळीप समाजांना २००३ मध्येच अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, पण राज्यात अनुसूचित क्षेत्र घोषित नाही.

वनहक्क कायदा २००६ मात्र या रेषेवर अवलंबून नाही. तो दोन्ही गावांना लागू आहे. त्याच्या नियमांनुसार वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असतात, त्यांत किमान एक-तृतीयांश महिला. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांमध्ये एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. ही संख्या भरली नाही, तर ठराव पुढे टिकत नाही. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे, आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. प्रत्येक टप्प्याला मुदत ६० दिवसांची. महिलांना सभेला आणणे, हजेरीपटावर सह्या घेणे, दाव्याची पोच जपणे, मुदत न चुकवणे : या परिसरात नेतृत्व म्हणतात ते बव्हंशी हेच काम आहे.

भाषेची अडचणही लहान नाही. सरकारी कागद हिंदीत, घरची बोली मराठी किंवा गोंडी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्या अनुभवावर मराठीत पुष्कळ लेखन झाले. सौसरच्या कार्यकर्त्याला ते सहज वाचता येते. पण महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे आणि स्वतंत्र असल्याने तेथील अर्जाचा नमुना इकडे जसाच्या तसा चालत नाही.

प्रशिक्षणाची साधने अगदीच नाहीत असे नाही. मध्य प्रदेश जन अभियान परिषद आणि चित्रकूट ग्रामोदय विश्वविद्यालय यांचा सामुदायिक नेतृत्वाचा समाजकार्य अभ्यासक्रम विकासखंड पातळीवर चालतो. तो पदवी देतो. मात्र शासनाकडे हक्क मागण्याचे शिक्षण शासनाच्याच वर्गात कितपत मिळावे, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्रात १९८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘कोरो’ संस्थेने तळागाळातील कार्यकर्त्यांसाठी वेगळा मार्ग घेतला. तिची फेलोशिप घेणारी व्यक्ती आपल्याच वस्तीत राहून काम करते आणि तिच्या स्थानिक संस्थेलाही त्यात सहभागी करून घेतले जाते. व्यक्ती पुढे गेली तरी काम मागे उरावे, हा त्यामागचा विचार पांढुर्ण्याला अधिक उपयोगी आहे.

कारण फेलोशिपचा काळ एक-दोन वर्षांचा असतो आणि वनहक्काचा दावा त्याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळू शकतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेकडून तालुक्यातील लहान गटाकडे येणारा मानधनाचा तो ओघ त्यामुळे आटला. मानधन संपल्यावर कार्यकर्ता नागपूरला नोकरीस गेला, तर दाव्यांच्या प्रती, ठरावांच्या नकला आणि पोचपावत्या कोणाच्या कपाटात राहणार, हे फेलोशिप सुरू होण्याआधीच ठरवावे लागते.