रिकामे हात आणि खचलेले मन

बेंबळीच्या शिवारात ज्वारीची सुगी आटोपली, की मृगाच्या पावसापर्यंत शेतमजुरांच्या हाताला काम मिळणे कठीण होते. अशा दिवसांत कोणी पारावर एकटाच बसून राहिला, तर गाव त्याला आळशी ठरविते. परंतु आळस निराळा आणि खिन्नतेचा विकार निराळा.

ऑस्ट्रियातील मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर तेथील बेकारांची जी पाहणी झाली, ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. वेळ मुबलक असूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत व रस्त्याने संथ चालत, असे तीत आढळले. काम गेले की मजुरीबरोबर दिवसाची घडीही मोडते.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र होते. काम मागणे ही याचना नव्हे, हे ग्रामसेवकाने प्रथम समजावून द्यावे व अर्ज करण्यास साह्य करावे. काम मिळेपर्यंत बांधाची दुरुस्ती, खताचा खड्डा भरणे अशी घरची कामे रोज ठराविक वेळी करण्यास सुचवावे.

दोन आठवडे झोप व भूक हरपली, कशातच मन रमेना, तर बोल न लावता विचारपूस करावी व त्या व्यक्तीस आरोग्य केंद्रात न्यावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलल्यास त्याला एकटे सोडू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. कीड लागलेल्या पिकास आपण दोष देत नाही, उपाय करतो. माणसासही तोच न्याय लावावा.