फायर एक्स्टिंग्विशर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ज्या उत्तुंग इमारती गेल्या काही दशकांत उभ्या राहिल्या, त्यांच्या मजल्यामजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी किंवा जिन्याच्या तोंडाशी, एक लाल नळकांडे टांगलेले असते. त्यास इंग्रजीत 'फायर एक्स्टिंग्विशर' म्हणतात हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ते केव्हा आणि कसे चालवावे हे घरातील वडीलधाऱ्यांसही सहसा ठाऊक नसते. यास्तव त्याविषयीच्या रूढ समजुतींचे निरसन करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हे यंत्र कोणत्याही आगीवर चालते.
वस्तुस्थिती : नळकांड्यावर छापलेली अक्षरे आगीचे वर्ग दर्शवितात. आपल्याकडील मानकांनुसार लाकूड, कागद, कापड यांची आग 'ए', पेट्रोल-रॉकेलसारख्या द्रवांची 'बी' आणि ज्वालाग्राही वायूंची 'सी' होय. कोरड्या भुकटीचे 'एबीसी' यंत्र या तिन्हींवर उपयोगी पडते. पाण्याचे यंत्र मात्र विजेच्या मीटरवर चालविल्यास चालविणाऱ्यासच धक्का बसण्याचे भय असते. कढईतील तेल पेटले असता त्यावर पाणी पडताच त्याची तत्क्षणी वाफ होऊन जळते तेल चहूकडे उसळते. तेथे शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे.

गैरसमज : एकदा टांगले की जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : आतील दाब कालांतराने उतरतो आणि भुकटीचे गठ्ठे होतात, म्हणून दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे वरचेवर पाहिले पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत राखण्याचे दायित्व मालक व भोगवटादार यांचे आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून त्याचे प्रमाणपत्र, ज्यास व्यवहारात 'फॉर्म बी' म्हणतात, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करण्याची तरतूदही त्यात आहे.

गैरसमज : फवारा ज्वाळांवर मारावा.
वस्तुस्थिती : ज्वाळांचे शेंडे भिजवून आग विझत नाही. पिन उपसावी, नळीचे तोंड आगीच्या बुडाकडे धरावे, मूठ दाबावी आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवीत न्यावा. घरगुती आकाराचे यंत्र काही सेकंदांतच रिते होते, म्हणून पहिला नेमही वाया दवडता कामा नये.

गैरसमज : यंत्र हाती असेतोवर झुंजत राहावे.
वस्तुस्थिती : हे साधन केवळ आरंभीच्या, लहान आगीसाठी आहे. अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या बहुमजली इमारतीस जुलै २०१४ मध्ये लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या प्रशिक्षित जवानासही प्राणास मुकावे लागले, हे स्मरून सामान्य रहिवाशाने आपली मर्यादा ओळखावी. आगीस प्रारंभ होताच १०१ क्रमांकावर वर्दी द्यावी, बाहेर पडण्याची वाट पाठीशी ठेवूनच यंत्र चालवावे आणि धूर दाटू लागताच जिन्याने, लिफ्टने नव्हे, खाली उतरावे.

गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत वाहनतळाचा विषय तासन्‌तास चालतो. त्याच विषयपत्रिकेवर तपासणी करणाऱ्या संस्थेच्या माणसाकडून अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक ठेवावे, आणि प्रत्येक घरातील निदान एका व्यक्तीने, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या गृहिणींनी व वृद्धांनी, ती पिन स्वहस्ते एकवार उपसून पाहावी.